विहिरीच्या पाण्याची तीन पिंपं

माझा स्वभाव मुळात तापट, त्यात घरात सून आली ती बी.एस्सी. झालेली. संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा दुपारी आमच्या गिरगावच्या वाडीवरून जायचा होता आणि आमच्या लीलाने परस्पर शब्द देऊन टाकला, की मोर्चेकऱ्यांना पाणी आमची वाडी पाजेल. पाणी कुठलं? नळाला सकाळी तासभर करंगळीएवढी धार. उरली विहीर. तिच्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास, मोरी धुवायलासुद्धा नाक दाबून वापरायचं.

"परळहून उन्हात चालत येणाऱ्या कामगारांना हे पाजणार?" मी कडाडलो. "वाडीचं नाक कापलं जाईल, सूनबाई!"

"वास घालवते ना, मामंजी. पोटॅशने."

पोटॅश, म्हणजे घसा धुवायचे ते जांभळे खडे, सगळ्यांच्याच घरात असत. तिने सात पेल्यांत विहिरीचं पाणी घेतलं आणि प्रत्येकात विरघळवलेल्या पोटॅशचे कमीजास्त थेंब सोडले. ज्या पेल्यात वासही गेला आणि रंगही उरला नाही, ते प्रमाण तिने धरलं. "पोटॅश वास खातं आणि स्वतः संपतं," ती म्हणाली. अंगणात विहिरीच्या पाण्याची तीन पिंपं भरून ठेवली होती, त्यांतल्या अख्ख्या पिंपाला अर्धा चमचा! मग ती गाळायची फडकी उकळायला आत गेली.

अर्धा चमचा पाहून माझं डोकं सणकलं. माझ्या लहानपणी पटकीची साथ आली, तेव्हा माणसं विहिरी लालभडक होईस्तोवर पोटॅश ओतत. त्याला म्हणावं औषध! मी तिन्ही पिंपांत चांगले दोन दोन चमचे टाकून मोकळा झालो.

लीला बाहेर आली तेव्हा पिंपांत जांभळाचा रस भरल्यासारखं दिसत होतं. अकरा वाजले होते. शेजारच्या सुमतीबाई म्हणाल्या, "अगं, हे पाजलंस तर लोक म्हणतील, गिरगावकरांनी विष घातलं." मला स्वतःची इतकी लाज आधी कधी वाटली नव्हती.

"मी टाकलं," मी म्हणालो. "चुकलो."

ती रागावेल असं वाटलं. पण ती पिंपाकडे बघत राहिली आणि एकदम म्हणाली, "मामंजी, पाणी शेंदा. वासाचंच."

"यात ओतू?"

"पोटॅश जास्त झालंय, तर त्याला वासही जास्त देऊ."

मी धोतर खोचून रहाट धरला. पिंपं भरलेली, म्हणून घराघरांतून हंडे, घंगाळी, आंघोळीचे टब आले. त्यांत जांभळं पाणी वाटून लीला वरून विहिरीचं पाणी घालत होती, बेताबेताने, दर वेळी रंग पाहून. जांभळ्याचं गुलाबी झालं, गुलाबी विरलं आणि तपकिरी गाळ तळाशी बसू लागला. वरचं पाणी आम्ही वाळूतून आणि चौपदरी फडक्यातून गाळलं. मी हुंगलं. काही नाही! तीन पिंपांची बारा पिंपं झाली होती. आणि खरं सांगतो, तीन काही पुरली नसती, कारण मोर्चा संपता संपेना.

डिलाईल रोडचा एक म्हातारा कामगार ओंजळीने दोनदा प्यायला, मिशा पुसून म्हणाला, "पाणी गोड आसा! बाव कोणाची ही?"

"विहीर माझ्या आजोबांची," घोषणांच्या वर आवाज चढवून मी ओरडलो, "पण पाणी माझ्या सुनेचं!"