आठव्या खाचेतला राहू

थायलंडमधल्या चोनबुरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या डेटा सेंटरमध्ये सकाळी काचेच्या भिंतीबाहेर पाय ठेवायला जागा नसायची. आत यंत्रांची थंडगार खोली. बाहेर हिशेबनीस, पहारेकरी, माळी, शेजारच्या टायर कारखान्यातले कामगार, सगळे हात जोडून उभे. खोलीच्या मधोमध भगव्या कापडात गुंडाळलेलं एक लोखंडी कपाट आणि त्याच्यापुढे राहूला लागतो तो आठ काळ्या वस्तूंचा नैवेद्य. काळी कोंबडी, काळी जेली, काळा भात, काळी कॉफी वगैरे. आठवी वस्तू काही केल्या सुचेना, तेव्हा कुणीतरी प्रिंटरची शाई ठेवली होती.

मग कपाट गरजायला लागायचं. आधी नुसती घूंघूं, मग विमान डोक्यावरून जावं तशी किंकाळी.

"आला! राहू आला!" कॅन्टीनवाली लामयाइ मावशी ओरडायची, आणि लोक कपाटावरच्या तापमानाचे आकडे लॉटरीसाठी हातावर लिहून घ्यायचे.

एवढ्यात आचान थेपरित यायचा. आचान म्हणजे आपला आचार्यच म्हणा. पांढरे कपडे, गळ्यात ताईतांचा भारा आणि जिभेला विश्रांती नाही. "भक्तहो, राहू हा मुळातच डिजिटल ग्रह आहे! त्याला धड नाही, नुसतं डोकं. आणि सर्व्हरला तरी धड कुठंय? तोही डोकंच डोकं! डोक्याला डोकं ओळखतं!"

लोक माना डोलवायचे. आचान भगव्या कापडाखाली हात घालून एक सोनेरी मंतरलेला पत्रा आत सरकवायचा. चार मंत्र पुटपुटेपर्यंत गर्जना बसायची. संध्याकाळी गर्दी ओसरली की पत्रा काढून घरी न्यायचा. "मंत्र उतरतो. रात्रभर चार्जिंगला लावावा लागतो."

हे सगळं सुरू झालं तेव्हा वियादा तिथं नव्हती. ती तिथली पाळीची इंजिनिअर. वडील वारले म्हणून उत्तरेला, नानला आपल्या गावी गेली होती. दुःख उरात घेऊन परत आली, तर इकडे नव्या कपाटात राहू वस्तीला आलेला.

"साहेब, कापड काढा आणि मला दार उघडून बघू द्या," ती व्यवस्थापक सोम्फोपना म्हणाली. "आत काहीतरी तापतंय."

सोम्फोप साहेबांनी आचानकडे पाहिलं. आचाननं गोड हसून विचारलं, "बाई, जन्म कुठल्या वाराचा?"

"बुधवारचा."

"दिवसाचा की रात्रीचा?"

"रात्रीचा."

झालं! बुधवारी रात्री जन्मलेला माणूस राहूचा, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. सगळे दोन पावलं मागं सरले.

"एका खोलीत दोन राहू मावत नाहीत," आचाननं निकाल दिला. "हिला कपाटाजवळ फिरकू देऊ नका."

तेव्हापासून वियादाची खुर्ची बाजूच्या खोलीत गेली. समोर एक पडदा, त्यावर कपाटातल्या प्रत्येक ब्लेडचा ताप. ब्लेड म्हणजे दाढीचं पातं नव्हे. फळीवर पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ पातळ संगणक एकाच पेटाऱ्यात खोचलेले असतात. वीज सगळ्यांची एक, वारा घालणारे पंखे सगळ्यांचे एक. वियादा रोज आकडे बघायची. सातव्या आणि नवव्या ब्लेडला सणसणून ताप, बाकीची ठणठणीत. आणि आठवी खाच रिकामी! राहूचं वैर असं फक्त शेजाऱ्यांशीच कसं? तिनं सोम्फोपना सांगून पाहिलं. ते कानावर हात ठेवून म्हणाले, "बाई गं, तुझ्या तोंडून तो बोलतोय."

मग एका सकाळी हमरस्त्यावर अननसांचा ट्रक उलटला आणि आचान गर्दीत अडकला. इकडे कपाट किंचाळत राहिलं. सोम्फोप फोनवर विनवत होते, "आचान, फोनवरूनच मंत्र म्हणा हो!" आचाननं म्हटलेही. स्पीकर कपाटाला लावला. काही उपयोग झाला नाही. ताप हद्दीबाहेर गेला आणि सातवं, नववं ब्लेड आपोआप बंद पडलं. जिल्हा इस्पितळाच्या रक्तपेढीच्या नोंदी सातव्यावर होत्या. दुसऱ्या यंत्रावर काम वळेपर्यंत तिथं एक बाळंतीण रक्तासाठी ताटकळली. डॉक्टरांनी हातानं पिशव्या शोधल्या, पुन्हा तपासल्या, म्हणून ती वाचली.

आचान दुपारी पोचला आणि म्हणाला, "मी सांगितलं नव्हतं? ती बाजूच्या खोलीत आहे तोवर हेच होणार!"

संध्याकाळपर्यंत वियादाची बदली रायोंगच्या गोदामात झाली. वियादा रडली. मग तिनं डोळे पुसले, कॅन्टीनमधून नूडल्सचा रिकामा खोका मागून घेतला आणि कात्रीनं त्याची खाचेएवढी जाड पुठ्ठ्याची पट्टी कापली.

दुसऱ्या दिवशी गर्जना सुरू झाली. आचाननं पत्रा बाहेर काढला, तोच वियादा काचेबाहेरून ओरडली, "थांबा! साहेब, मी दारातही येत नाही. हा पुठ्ठा तुम्हीच आठव्या खाचेत घाला. राहू खरा असेल तर पुठ्ठ्याला भीक घालणार नाही. मग मी आजच रायोंगला जाते."

सोम्फोपनी पुठ्ठा हातात घेतला.

"भस्म व्हाल!" आचान कडाडला.

सोम्फोपनी पुठ्ठा पाठीमागं लपवला. तेवढ्यात लामयाइ मावशी सगळ्यांना कोपरानं ढकलत आत घुसली. "आणा इकडं! काल ताटकळली ती माझी भाची होती. भस्म व्हायचं तर मी होते, माझं वय झालंय!" तिनं कापड ओढून फेकलं, दार उघडलं आणि पुठ्ठा खाचेत दाबून बसवला.

किंकाळीची घूंघूं झाली, घूंघूंची कुजबूज झाली. मावशीनं पुठ्ठा काढला, पुन्हा किंकाळी. घातला, पुन्हा शांत.

"अगं बाई! राहू खोक्याला भितो?"

"भितो कसला, प्रसन्न झाला!" आचान गडबडीनं म्हणाला. "कोळंबीच्या चवीचा खोका आहे ना! राहूला कोळंबी प्रिय."

गर्दीत पहिलं हसू फुटलं, आणि भोंदूचं दुकान बसलं ते तिथंच.

आता वियादा आत आली. तिनं आचानच्या हातातला सोनेरी पत्रा घेतला आणि नखानं रंग खरवडला. खाली यंत्र बनवणाऱ्याचा ठसा होता. ठशाखाली अक्षरं: 'ही झाकणपट्टी काढू नये.'

सोम्फोपनी पत्रा ओळखला. "स्थापनेच्या दिवशी यांनी यंत्राच्या अंगावरची एक वस्तू दक्षिणा म्हणून मागितली. मीच काढून दिली."

"आणि वारा कुठून निसटतो, ते तुम्हाला कसं ठाऊक?" वियादानं आचानला विचारलं.

"पूर्वी... बँकॉकला एसी बसवायचो," आचान पुटपुटला. पहारेकऱ्यांनी त्याला दंडाला धरून बाहेर नेलं आणि पोलिसांना फोन लावला.

वियादा लोकांकडे वळली. "वारा आळशी असतो. रिकामी खाच दिसली की तिथूनच पळ काढतो. शेजारच्या ब्लेडांना झुळूक मिळत नाही, सकाळी कामाचा भार वाढला की ती तापतात, म्हणून पंखे जीव तोडून फिरतात. खाच झाकली की वारा मुकाट्यानं कामाला लागतो. एवढाच तुमचा राहू."

"मला आधी कुणी समजावलं का नाही?" सोम्फोपनी खालमानेनं विचारलं.

"मी समजावत होते साहेब. तुम्ही माझा वार विचारत होता."

सोम्फोपनी बदलीचा हुकूम तिथल्या तिथं रद्द केला आणि सगळ्यांदेखत तिची माफी मागितली.

वाचकहो, यंत्र असो की माणूस, ते ओरडलं तर का ओरडलं ते आधी विचारा. कारण सापडेपर्यंत 'मला माहीत नाही' म्हणायची लाज वाटू देऊ नका. त्या तीन शब्दांनी आजवर कुणाचा बळी गेलेला नाही. न विचारता जोडलेल्या हातांनी मात्र चोनबुरीत एक बाळंतीण जवळजवळ गेली होती.