आजगावकरांच्या शाली

सत्काराची शाल एकदा श्रीरंग आजगावकरांच्या अंगावर पडली की ती पुन्हा उतरत नसे. पहिली पडली ती त्यांनी सावंतवाडीत बांधून दिलेल्या नाट्यगृहाच्या उद्घाटनाला. घरी येऊन काढायला गेले, तर खांद्याची कातडीच ओढली जायला लागली. "राहू दे, ऊब आहे," म्हणाले. मग ग्रंथालयाची, संगीतशाळेची, दशावतारी मंडळींना घेऊन दिलेल्या टेम्पोची, अशा एकावर एक शाली चढत गेल्या. आता त्यांना दारातून आडवं होऊन आत यावं लागे. कानांवर तर इतकी लोकर साठली होती, की जेवायला बोलवायचं म्हणजे शकुंतलाबाई त्यांना गदागदा हलवत.

पण माणूस भारी उत्साही! मुंबईतल्या बड्या कंपनीचा सगळा अर्थव्यवहार ज्या खुर्चीतून चाले, ती खुर्ची ह्या गृहस्थाने सोडली कशासाठी? गाणं ऐकण्यासाठी. आणि नेमकं तेच ऐकू येईना.

त्या संध्याकाळी चंपूताई मणेरीकर गाणार होत्या. कॉलेजात असताना आजगावकरांनी मांडवाबाहेर उभं राहून त्यांचा यमन ऐकला होता, आणि त्या धुंदीत दुसऱ्या दिवशीचा पेपर बुडवला होता. ताईंनी आता जाहीरच केलं होतं, की हे शेवटचं गाणं, ह्यानंतर तोंड उघडणार नाही. आजगावकर सकाळपासून घरभर नुसते नाचत होते.

"अहो, पण ऐकणार कसं?" शकुंतलाबाई त्यांच्या कानाशी ओरडल्या.

"अगदी पहिल्या रांगेत बसेन!"

"आज तरी शाल घेऊ नका म्हणजे मिळवली."

"छे छे! हात जोडून नको म्हणणार."

नाट्यगृहाचे चिटणीस दळवी दारातच उभे होते. त्यांनी खाणाखुणा करून समजावलं, की आज साहेबांचा सत्कार नाही, साहेबांच्या हस्ते ताईंचा आहे. शाल आणायची मात्र राहून गेली होती. दळवींचं हे नेहमीचंच.

"माझीच देतो की!" म्हणत आजगावकरांनी सगळ्यात वरच्या शालीला हात घातला, आणि काय सांगावं, ती अलगद निघाली! ताईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या झाल्या. त्या टाळ्या आजगावकरांना ऐकू आल्या. लांबून, पण आल्या.

त्यांच्या अंगावर काटाच आला. दुसरी शाल दळवींना द्यायला गेले, तर सुटेना. ताईंकडे वळले, तशी सुटली.

"पुरे हो, उकडतंय मला," ताई म्हणाल्या.

"एवढी एकच, ताई!"

तिसरीला तंबोरा ऐकू आला. अरे देवा, तंबोरा! मग काय, हात सपासप चालायला लागले. इकडचं ओझं तिकडे सरकवण्यात ते हात तयारच होते, कंपनीत नाव काढलं होतं ते त्याच्यावरच. ताई काहीतरी म्हणत होत्या. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, असा सत्कार कुणी पाहिलाच नव्हता.

सगळ्यात आतली, उद्घाटनाची शाल निघाली आणि जग लख्ख झालं. पंख्याची कुरकुर, शेवटच्या रांगेतली बांगडी, सगळं सगळं!

"शकू, ऐकू येतंय गं!" ते लहान मुलासारखे ओरडले.

शकुंतलाबाई रंगमंचाकडे बघत होत्या. "ताई कुठे आहेत?" त्यांनी विचारलं.

बैठकीवर पुरुषभर उंचीचा शालींचा ढीग होता. आजगावकरांनी वरची शाल ओढली. निघाली नाही. दोन्ही हातांनी ओढली. तरी नाही.

तबलजीने दळवींकडे पाहिलं. "करा सुरू, वेळ झाली," दळवी म्हणाले.

ठेका सुरू झाला. आजगावकरांनी गुडघे टेकले आणि ढिगाला कान लावला. हातातलं घड्याळसुद्धा त्यांना ऐकू येत होतं. ढिगातून काही येत नव्हतं. ठेक्याचं एक आवर्तन गेलं, दुसरं गेलं. मग अगदी बरोबर समेवर, उद्घाटनाच्या शालीचे गोंडे एकदम थरारले.