सतरा नंबरची कांडी

मी एक लिपस्टिक बोलतेय. रंग डाळिंबी, उंची आता जेमतेम नखाएवढी, आणि बुडाशी चिकटवलेल्या चिठ्ठीवर आकडा सतरा. कंपनीनं मला एक फ्रेंच नाव ठेवलं होतं, पण ज्यांनी मला विकायला ठेवलं त्यांना ते शेवटपर्यंत म्हणता आलं नाही. ते मला 'कांडी' म्हणायचे. मलाही तेच बरं वाटलं.

मेण, एरंडेल आणि रंगाची भुकटी एकत्र वितळवून साच्यात ओतली, गार झाल्यावर नळीत बसवलं, टोपण लावलं, झाला माझा जन्म. जन्मतः आम्हा सगळ्यांचं टोक सारखंच, तिरपं आणि गुळगुळीत. आमच्यात वेगळेपण येतं ते बाईच्या हाती पडल्यावर.

मी आले फ्रँकफर्टच्या मोठ्या स्टेशनजवळ, श्यामकांत वाणींच्या दुकानात. माणूस मूळचा अमळनेरचा, शाळा आठवीपर्यंत. जर्मन शिकले गिऱ्हाइकांकडून. त्यामुळे व्याकरण कुणाचंच नाही, पण बोलणं सगळ्यांना कळतं. तूरडाळ, उदबत्त्या, नागलीचे पापड, आणि गल्ल्याशेजारी काचेचं एक कपाट. त्यात आम्ही. शनिवारी दुपारी आजूबाजूच्या मराठी बायका सामानाला आल्या की मागच्या खोलीत चहा ठरलेला. गिऱ्हाईक टेकलं की टिकतं, हे त्यांचं शास्त्र.

दोन हजार सहाच्या ऑगस्टमध्ये तिथे ऊर्मिला आली. डार्मश्टाटच्या एका संस्थेत ती डॉक्टरेट करत होती. विषय ऐकून बायका आधी हसल्या: ओठांचे ठसे. ओठांवर लिपस्टिक लावायची, चिकटपट्टी दाबायची, अलगद सोलून पांढऱ्या कार्डावर चिकटवायची. मग भिंगाखाली रेघा दिसतात. काही उभ्या, काही फांदीसारख्या फुटलेल्या, काही जाळीसारख्या. बोटांसारखा ओठांचा ठसाही ज्याचा त्याचा आणि जन्मभर तोच, असं धरून ती चालली होती. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या कपावरचे ओठ कुणाचे, हे संगणकानं ओळखावं, असा तिचा प्रयत्न होता.

चोवीस बायका हव्या होत्या. श्यामकांतांनी आमच्यातल्या एका रंगाच्या चोवीस काढल्या, बुडाशी आकडे चिकटवले. "आज पहिला ठसा. मग प्रत्येकीनं आपापली घरी न्यायची, सहा महिन्यांनी दुसऱ्या ठशाला घेऊन यायची," ऊर्मिलेनं सांगितलं. कांडीवरचा आकडा बघून ती तोच कार्डावर लिहायची.

आणि एक फॉर्म होता. संस्थेच्या जर्मन फॉर्मवर चार प्रश्न होते. ओठांना आजार? जखम? ऑपरेशन? आणि चौथा, सौंदर्यासाठी ओठात इंजेक्शन घेतलंय का? आपल्या बायकांसाठी ऊर्मिलेनं त्याचं मराठी केलं आणि चौथा प्रश्न गाळला. वयानं मोठ्या काकू, वहिन्या. त्यांना असलं तोंडावर कसं विचारायचं? शिवाय आपल्या बायका कुठे असलं करतात. काचेतून मी ते बघत होते. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी ज्या बाईकडे गेले तिला आपण वीणा म्हणू. खरं नाव सांगायचं नाही असं ठरलंय, आणि ठरलेलं मोडणाऱ्यातली मी नाही. वय चाळिशीच्या आत, एका बँकेत संगणकाचं काम, डावखुरी. रोज सकाळी एस-बानची लोकल पकडायला निघण्याआधी आरशासमोर आमची भेट. वरचा ओठ पातळ, दोन उभ्या खोल खाचा. माझा मेणाचा कण हमखास तिथे बसायचा.

डिसेंबरात एका सकाळी मी तिच्या ओठांवरून घसरले. ओठ भरलेले, तट्ट. खाच शोधली, खाचच नव्हती. तिनं आरशात खूप वेळ बघितलं आणि हळूच हसली. मला तिचं हसू आवडलं, खोटं कशाला बोलू.

फेब्रुवारीत दुसरा ठसा झाला. मार्चमध्ये ऊर्मिला आमची सगळ्यांची पेटी घेऊन दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"काका, तेवीस जुळले. सतरा नंबर स्वतःशीच जुळत नाही."

"म्हणजे?"

"ऑगस्टची बाई वेगळी, फेब्रुवारीची वेगळी. माझ्या गाईड प्रोफेसरबाई म्हणतात, कुणीतरी दुसरीनं ही कांडी वापरली. एक ठसा भेसळीचा तर बाकीच्यांवर विश्वास कसा ठेवायचा? आल्झो, म्हणजे सगळं पुन्हा. माझं कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरात संपतं, काका. दोन वर्षांचं काम जाईल."

श्यामकांतांनी चहा ठेवला. मग एकेक टोपण काढून आम्हाला टेबलावर ओळीनं उभं केलं आणि सोनार नाणं बघतो तसं वाकून बघत राहिले.

"पोरी, वापरलेली वस्तू मालकाची चहाडी करते. हे बघ. तेवीस टोकं एका अंगाला झिजलीत आणि ही सतरा दुसऱ्या अंगाला. डावखुरीच्या हातची. आपल्यात डावखुरी एकच. दुसरा हात लागला असता तर टोकाला दुसरी धार पडली असती. नाही पडली."

"प्रोफेसरबाई हा पुरावा मानायच्या नाहीत."

"नाहीच मानायचा. सुगावा म्हण. आणि त्यांना हेही सांग, दुसरीची उष्टी लिपस्टिक आमची कुठलीही बाई ओठाला लावणार नाही. पाण्याचा तांब्यासुद्धा आम्ही वरून पितो." ते बसले. "बाई तीच, हात तोच. मग बदललं काय?"

 ऊर्मिलेला चौथा प्रश्न आठवला. तिनं तो गाळल्याचं हळू आवाजात सांगितलं.

श्यामकांत रागावले नाहीत. त्यांनी गोष्ट सांगितली, ती त्यांची सवयच. "दुकान काढलं त्या वर्षी एक जर्मन बाई आली. हिंगाची डबी उचलली, वास घेतला, पैसे दिले. कशाला हवा, हे विचारायला मला लाज वाटली. म्हटलं, आपण कोण विचारणार? पुढच्या शनिवारी ती केक घेऊन आली. दोन चमचे हिंग घातलेला. माझ्यासमोर बसून तिनं मला अख्खा तुकडा खायला लावला. तेव्हापासून मी हिंग विकताना विचारतो. लाजून न विचारलेला प्रश्न शेवटी आपल्यालाच खावा लागतो."

"पण वीणावहिनींना कसं विचारू?"

"तसंच. चहा देऊन, दार लावून, सरळ."

पुढच्या शनिवारी वीणा आली. श्यामकांत मुद्दाम बाहेर पोती मोजत बसले. मी टेबलावरच होते.

ऊर्मिलेनं विचारलं. वीणानं कप खाली ठेवला.

"तू तेव्हा कुठे विचारलंस?" ती म्हणाली. "फॉर्मवर ऑपरेशन होतं. माझं ऑपरेशन नाही झालं. दोन इंजेक्शनं झाली, जेवणाच्या सुट्टीत."

"चूक माझी आहे, वहिनी. तो प्रश्न मीच काढला."

"का? आम्हाला ओठ नसतात?"

दोघी हसल्या. मग वीणा खिडकीकडे बघत म्हणाली, "ह्यांना तीन महिन्यांत एवढंच कळलं की घरात पडदे नवे आलेत. पण मंडळाच्या गणपतीत कळलं तर आरती बाजूला राहील गं."

"तुमचं नाव कुठेच येणार नाही. फक्त आकडा. तुम्ही नाही म्हणालात तर सतरा नंबर काढून टाकते. पण तुम्ही आलात तर सप्टेंबरात अजून एक ठसा हवा. डॉक्टर म्हणतात, भरलेलं हळूहळू विरतं. रेघा परत येतात का, मला बघायचंय."

वीणानं मला उचललं, डाव्या हातानं, आणि टोपण लावून पर्समध्ये टाकलं. "सप्टेंबर म्हणजे गणपतीच. बघू कोण जास्त सुंदर दिसतं."

ऊर्मिला सोमवारी प्रोफेसरबाईंसमोर उभी राहिली. ते मला पुढे वीणाच्या पर्समधून दुकानात आल्यावर कळलं, कारण ती काकांना सगळं सांगायची. प्रोफेसरबाईंनी विचारलं, "चौथा प्रश्न कुणी गाळला?" संस्थेत कुणाला मराठी येत नव्हतं. भाषांतरात राहून गेलं म्हटलं असतं तर खपलं असतं. ती म्हणाली, "मी. मला लाज वाटली."

 बाई म्हणाल्या, "हे प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायचं. आणि चोवीसही जणींना आता विचारून यायचं, लेखी. सप्टेंबरपर्यंत वाट बघते. त्यापुढे नाही."

ऊर्मिला चोवीस दारांत गेली. स्वतःची गाडी नाही. एस-बान, ट्राम आणि पाय. कुणी हसलं, कुणी दार जरा जोरात लावलं, एक काकू तर पंधरा दिवस दुकानातच फिरकल्या नाहीत. पण तिनं एकीलाही सोडलं नाही. अजून एक 'हो' निघालं, तेही सगळ्यांत सोवळ्या समजल्या जाणाऱ्या काकूंचं. त्यांनी पहिल्या ठशाच्या वर्षभर आधीच घेतलं होतं आणि मधे मधे भर घालत होत्या, म्हणून त्यांची दोन्ही कार्डं जुळली होती.

सप्टेंबरात माझा तिसरा ठसा झाला. ओठांवर फिरताना मला ती खाच लागली. पूर्वीइतकी खोल नाही, पण होती. जुन्या ओळखीचं माणूस स्टेशनवर दिसावं तसं झालं.

प्रोफेसरबाईंनी तिन्ही कार्डं शेजारी ठेवून भिंग धरलं. पहिल्यावर रेघा, दुसऱ्यावर पुसट, तिसऱ्यावर अर्ध्या परतलेल्या. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या. "एका बाईवरून नियम होत नाही. पण एवढं पुरे आहे, की यापुढे हा प्रश्न कुणी गाळू नये." मग त्यांनी विचारलं, तो डाव्या-उजव्या टोकाचा तपास कुणी केला? ऊर्मिला म्हणाली, "आठवी पास किराणा दुकानदारानं." त्यांचं नाव आभाराच्या पानावर आहे. त्यांनी ते पान फ्रेम करून हिंगाच्या फळीवर लावलंय.

आता मी एका पाकिटात असते, डार्मश्टाटला, तिन्ही कार्डांसोबत. वीणानं मला स्वतःहून दिलं. मी संपत आलेय. आणखी एखादा ठसा होईल, बस्स. अंधारात टोपणाखाली माझं टोक अजून उलट्या अंगालाच झुकलेलं आहे.

उद्या कुणी एखाद्या कपावरचे ओठ बघून कुणाला धरायला निघालं, किंवा सोडायला, तर माझं एवढं ऐका. त्या माणसाला समोर बसवा, चहा द्या आणि सरळ विचारा, मधल्या काळात ओठांना काय झालं. लाजू नका. माझी बाई कोण, ते मी कुणाला सांगणार नाही. ती डावखुरी होती, आणि विचारल्यावर तिनं खरं सांगितलं.