भालचंद्ररावांच्या फोनची दुरुस्ती

भालचंद्ररावांचा आवाज गेला, पण भांडण गेलं नाही. घशाच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं आणि त्यांच्या पत्नी वनमालाताईंना सांगितलं, की ह्यांना आता बोलता येणार नाही. दाना ओली ह्या त्यांच्या मोहल्ल्यात ही बातमी संध्याकाळपर्यंत पसरली. खोटं कशाला बोला, दोन-चार घरांत लोकांनी हुश्श केलं. भालचंद्ररावांनी सगळी नोकरी नापतौल खात्यात वजनं-काटे तपासणारा निरीक्षक म्हणून काढली होती. दाल बाजाराच्या एका टोकाला ते नुसते खाकरले, तरी दुसऱ्या टोकाचे काटे सरळ व्हायचे. असा माणूस गप्प बसेल अशी आशा ज्यांनी धरली, त्यांची कीवच करायला हवी.

घरी आल्यावर त्यांनी आपला जुना फोन उचलला आणि लिहायला सुरुवात केली. बोटांना कंप होता, त्यामुळे एकेक अक्षर शोधून दाबताना घाम फुटायचा. पण फोनचा कीबोर्ड मोठा गुणी निघाला. मालक कोणते शब्द वापरतो, कोणत्या शब्दामागे कोणता आणतो, हे तो ध्यानात ठेवायचा आणि पहिलं अक्षर दाबलं की ओळखीचे शब्द वर मांडायचा. होता होता अशी वेळ आली, की भालचंद्ररावांनी ‘अ’ दाबला की ‘अक्कल’ यायचं, त्यावर बोट ठेवलं की ‘गहाण’, आणि त्यावर ठेवलं की ‘ठेवलीस का?’ झालं वाक्य तयार. मग फोन समोरच्याच्या नाकासमोर धरायचा, त्याचं वाचून होईपर्यंत डोळे वटारायचे, आणि पुसून टाकायचं. बघायचीसुद्धा गरज उरली नव्हती. बोटं आपली सवयीने पडत.

लिहिलेलं बाईच्या आवाजात वाचून दाखवणारं एक ॲप मुलाने त्यांना आणून दिलं होतं. ते त्यांनी एकदाच वापरलं. ‘ही बाई माझा राग बातम्यांसारखा वाचते,’ असं लिहून त्यांनी तिला कायमची रजा दिली.

हा मुलगा म्हणजे यशोधन. जयेंद्रगंजातल्या एका ऑफिसात तो लोकांचे कॉम्प्युटर सांभाळायचा, पण ते आपलं पोटासाठी. खरा जीव फोनच्या कर्नलमध्ये. कर्नल म्हणजे फोनच्या पोटात बसलेला कारभारी. कोणाला किती वीज द्यायची, कोणाचं काम आधी करायचं, कोणाला ताटकळत ठेवायचं, सगळं त्याच्या हातात. कंपनी फोन विकते तेव्हा आपला कारभारी बसवून देते आणि दोन-तीन वर्षांनी त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. यशोधनसारखे लोक त्याला उठवून आपला नवा बसवतात. बाबांच्याच मॉडेलच्या फोनसाठी त्याने कर्नल बांधला होता, आणि ब्राझीलपासून इंडोनेशियापर्यंतची माणसं तो फुकटात वापरत होती. रोज कोणी ना कोणी त्याला ‘थँक्यू ब्रदर’ लिहायचं.

घरात असलं काही व्हायचं नाही. ‘आपले पणजोबा दरबारात कारभारी होते, तू फोनच्या पोटातला झालास. काय उजेड पाडलास!’ हे बाबांचं मत होतं, आणि तेही सवयीने, न बघता, टिचकीसरशी यायचं.

बाबांचा फोन आता धापा टाकायला लागला होता. यशोधन किती दिवस मागे लागला होता, “बाबा, एकदा देऊन तर बघा ना. एकदम मक्खन चालेल, कसम से.” बाबा द्यायचे नाहीत. मग एक दिवस दाल बाजारात राघवजींच्या दुकानात काट्याचं पारडं त्यांना जरा झुकलेलं दिसलं. ‘क’ दाबला. फोन अडकला. पडद्यावर ‘कांटा’ उमटेपर्यंत राघवजींनी तूरडाळ तोलली, बांधली, पुढच्या गिऱ्हाइकाला वाटाण्याचे भाव सांगितले. भालचंद्ररावांच्या आयुष्यात भांडणाला उशीर कधी झाला नव्हता. घरी येऊन त्यांनी फोन यशोधनच्या हातात ठेवला, परत घेतला, त्यावर लिहिलं, ‘कर. पण बिघडला तर’ आणि पुन्हा त्याच्या हातात ठेवला. वाक्य अर्धंच होतं, पण पुढचं यशोधनला कळलं.

बाबांनी आपली वस्तू त्याच्यावर सोपवायची ही पहिलीच वेळ. गडी हरखून गेला.

आता ह्या कामात एक मेख असते. कंपनीचं कुलूप उघडल्याशिवाय आपला कर्नल बसवता येत नाही, आणि कुलूप उघडलं की फोन आतलं सगळं स्वतःच पुसून टाकतो. चोराच्या हाती काही लागू नये म्हणून केलेली सोय. हे यशोधनला झोपेतही ठाऊक होतं. म्हणून त्याने फोटो काढून ठेवले, नंबर काढून ठेवले, मेसेज ठेवले. लोक ज्याचं नावही ऐकून नसतात असे फोनच्या पोटातले कप्पेसुद्धा त्याने जपून ठेवले. कीबोर्ड तेवढा घेतला नाही. कीबोर्ड काय, दोन मिनिटांत परत टाकता येतो!

आणि टाकलाही. फोन असा काही पळायला लागला, की हात लावायचा अवकाश. यशोधनने तो बाबांच्या हातात दिला आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिला. येणार नाही हे माहीत असूनही उभा राहिला, पोटचा पोर होता शेवटी.

तेवढ्यात दूधवाला आला. दूध नेहमीप्रमाणे पाणीदार होतं. भालचंद्ररावांनी ‘अ’ दाबला, सवयीने न बघता आणखी दोन टिचक्या मारल्या, आणि फोन दूधवाल्याच्या नाकासमोर धरला. दूधवाल्याने वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही हात जोडून म्हणाला, “अरे बाबूजी, आप भी!” आणि वर आणखी थोडं दूध घालून गेला.

भालचंद्ररावांनी फोन आपल्याकडे वळवला. त्यावर लिहिलं होतं, ‘अभिनंदन आणि शुभेच्छा’.

यशोधनच्या आत्ता लक्षात आलं. कीबोर्ड नवा होता, कोरा होता. शाळेतून नुकताच सुटल्यासारखा सभ्य. बाबांचा एकही शब्द त्याला ठाऊक नव्हता.

बाबांनी हार मानली नाही असं नाही, पण लगेच मानली नाही. वरच्या मजल्यावरच्या शांताताईंनी गॅलरी धुतलेलं पाणी खाली सोडलं, तेव्हा त्यांना ‘खूप आठवण येते’ वाचायला मिळालं. त्यांनी घाबरून वनमालाताईंना विचारलं, “यांची तबियत बरी आहे ना हो?” दाल बाजारात राघवजींना ‘कोटी कोटी धन्यवाद’ मिळालं. मग एका सकाळी बाबांनी फोन बंद करून देवघराच्या फळीवर ठेवला आणि खिडकीशी जाऊन बसले. दूधवाला आला, पाणी घालून गेला. ते उठलेच नाहीत.

“ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा असे गप्प नव्हते रे,” वनमालाताई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या. त्यांनी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी बाबांचा आवाज घेतला तो जीव वाचवायला. आपण काय वाचवायला घेतला? यशोधन लाजेने अर्ध्या ताटावरून उठला.

त्याने सगळे उपाय करून पाहिले. पुसलेलं परत मिळत नव्हतं. कुलपाबरोबर आतलं वाचायची किल्लीही जळते, आणि ह्या जळण्याचे गोडवे त्याने स्वतःच जगभर गायले होते. बरेचसे कीबोर्ड मालकाचे शब्द बाहेर कंपनीकडेही ठेवतात. पण बाबांसाठी खास, इंटरनेटला हातही न लावणारा कीबोर्ड कोणी निवडला होता? ह्याच शहाण्याने. ‘माझ्या बापाचे शब्द कोणी का वाचावेत,’ म्हणून. मेसेज होते, पण त्यांत सापडणार काय? सुप्रभात, आणि नातेवाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा. खरं बोलणं बाबांनी कधी कोणाला पाठवलंच नव्हतं. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं.

कर्नलवाल्यांच्या ग्रुपवर त्याने विचारलं. ब्राझीलच्या एकाने श्रद्धांजलीच्या मेणबत्तीचं चित्र पाठवलं.

मग त्याच्या डोक्यात आलं, की बाबांनी पुसलं असेल, पण ज्यांनी ऐकून घेतलं ते विसरले थोडेच असतील? फळीवरचा फोन उचलून तो आईसमोर बसला. “आई, बाबा तुला काय काय बोलायचे, सांग ना. मी टाइप करत जातो. हा बार बार लिहिलं की शिकतो.”

वनमालाताईंनी लाटणं खाली ठेवलं. त्यांना एकही आठवायची गरज पडली नाही. ‘डोळे फुटले होते का?’ ‘मीठ काय फुकट आलंय?’ ‘तुझ्यापुढे हात टेकले.’ ‘माहेरचं कौतुक पुरे.’ सांगता सांगता त्या हसायला लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. “बाई गं, किती बोलायचा हा माणूस,” त्या म्हणाल्या.

शांताताईंनी जिन्यात उभ्या राहून पाठ म्हणून दाखवलं, “‘खाली माणसं राहतात, म्हशी नाहीत.’ त्याच्यानंतर ‘लाज कशी वाटत नाही.’ लिहिलंस का? नीट लिही हो, मागचं-पुढे करू नकोस.” दाल बाजारात तर राघवजींनी गिऱ्हाईक थांबवून ठेवलं. “लिखो भैया, ‘कांटा सीधा करो, नहीं तो मैं सीधा करूँगा।’ ये तो पूरे बाज़ार को याद है. उस दिन बाबूजी ने धन्यवाद दिखाया तो मैं डर गया. लगा, अब ज़्यादा दिन नहीं हैं.” शेजारच्या दुकानांतून लोक आले. ज्याला त्याला आपापली शिवी आठवत होती, आणि ज्याच्या वाट्याला साधी आली होती तो जरा ओशाळला.

यशोधनने एकेक वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलं, कीबोर्ड आपणहून पुढचा शब्द मांडेपर्यंत. स्वतःच्या वाट्याची त्याने शेवटी घातली, ‘शहाणाच आहेस’पासून सगळी. ती सर्वांत जास्त निघाली. मग तो थांबला आणि आईला म्हणाला, “काही अच्छं पण बोलले असतील ना मला? कभी तो?”

वनमालाताईंनी बराच वेळ विचार केला. “एकदा म्हणाले होते, ‘छान झालाय’,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “नाही, ते वांग्याच्या भरताला.”

यशोधनच्या धंद्यात एक नेम असतो. आपण जे जे बदललं, ते उघड लिहून सांगायचं; गुपचूप काही घुसवायचं नाही. घुसवणाऱ्याचं नाव एकदा खराब झालं की कायमचं. हा नेम त्याने आजवर कधी मोडला नव्हता. त्या दिवशी मोडला. आई आत गेल्यावर त्याने ‘श’ दाबला आणि एक शब्द लिहिला, पुसला, लिहिला, पुसला, ‘शहाणा’च्याही वर तो येऊन बसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वनमालाताईंनी दूध गॅसवर ठेवलं होतं. यशोधनने फोन बाबांसमोर धरला. “बाबा, एकदा ‘अ’ दाबा. फक्त एकदा.” बाबांनी घेतला नाही. त्याने तो त्यांच्या मांडीवर ठेवला आणि बाजूला झाला. बऱ्याच वेळाने बाबांचा अंगठा खाली आला.

‘अक्कल.’ ‘गहाण.’ ‘ठेवलीस का?’

भालचंद्रराव ताठ बसले. ‘क’ दाबला. कांटा सीधा करो. ‘ख’ दाबला. खाली माणसं राहतात. ‘म’ दाबला आणि स्वयंपाकघराकडे बघून मिशीत हसले. एकेक शब्द भेटत गेला आणि त्यांच्या चेहऱ्यावर रंग चढत गेला. बाबांना इतका आनंद झालेला यशोधनने कधी पाहिला नव्हता.

मग बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि ‘श’ दाबला. शहाणाच आहेस, एवढंच म्हणायचं असणार. अंगठा सवयीने पहिल्या शब्दाकडे निघाला आणि मध्येच थांबला. अलीकडे ते बघून दाबायला शिकले होते.

पहिला शब्द होता ‘शाब्बास’.

त्यांनी तो पुष्कळ वेळ वाचला. मग दुसरं काही लिहून फोन यशोधनसमोर धरला. ‘हा शब्द माझा नाही.’

“हो बाबा,” यशोधन खाली मान घालून म्हणाला. “तो मी घातला. गलती झाली. काढून टाकतो.” आणि त्याने हात पुढे केला.

बाबांनी फोन मागे ओढला. लिहिलेलं पुसलं. पुन्हा ‘श’ दाबला. वर तयार शब्द येऊन उभा राहिला. एका टिचकीचं काम होतं. त्यांनी त्याला बोट लावलं नाही. काना शोधला. ‘ब’ शोधला. जोडाक्षराशी अंगठा थरथरला आणि भलतंच काहीतरी उमटलं. पुसलं. परत सुरुवातीपासून. कपाळावर घाम आला. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, पण वनमालाताई दारात उभ्या होत्या आणि हलल्या नाहीत. यशोधनही हलला नाही.

शेवटचा ‘स’ पडला. भालचंद्ररावांनी फोन मुलाच्या नाकासमोर धरला आणि त्याचं वाचून होईपर्यंत धरून ठेवला. ह्या वेळी डोळे वटारले नाहीत.

मग त्यांनी तो शब्द पुसला, गॅसकडे हात दाखवला आणि ‘अ’वर बोट ठेवलं. अक्कल गहाण ठेवलीस का? फोन जराही अडकला नाही.