बर्फाच्या कारखान्यावरचा वातकुक्कुट

मी एक जुना वातकुक्कुट आहे, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा कोंबडा. मित्रांनो, माझे नाव तुम्ही वारा येईल तसे फिरणाऱ्या माणसाला दिलेली शिवी म्हणूनच ऐकले असेल. म्हणून आधी माझी हकिगत ऐका.

एका बर्फाच्या कारखान्यातल्या फिटरने जुन्या पिंपाच्या पत्र्यातून मला कापले आणि छपरावर बसवले. बर्फ गोठवायला तिथे अमोनिया वायू वापरत. तो गळला की डोळे आणि छाती जाळतो. म्हणून कामगारांना सांगून ठेवले होते, भोंगा झाला की माझी चोच बघायची आणि ती दाखवील तिकडे पळायचे. वारा तिकडून येत असतो, त्यामुळे वायू मागे राहतो. एकदा अशी गळती झाली आणि सगळे धडधाकट घरी गेले. तेव्हा माझा तुरा लाल रंगवला. मी हुरळून गेलो.

पुढे फिटर निवृत्त झाला, नवे मॅनेजर आले. माझ्या दांड्यावर गंज चढला. कितीही वारा सुटला तरी मी जागचा हलेना. हे लक्षात आले ते बर्फाच्या लाद्या उचलणाऱ्या ताईच्या. तिचा सख्खा धाकटा भाऊच तिथला मुकादम होता.

"अरे, तो कोंबडा अडकलाय. साहेबांना सांग, तेल घाला म्हणावं."

"आजच सांगतो, ताई."

त्याने सांगायला तोंड उघडलेही. मॅनेजर खेकसले, "आता कोंबड्याला तेल पाजत बसू का?"

"मीही तेच म्हणतो, साहेब!" मुकादम हसला. आणि बहिणीला येऊन म्हणाला, "घातलं गं तेल. आता कसा गरगर फिरतो बघ."

ताईने मान वर करून पाहिलेही नाही. भावाने सांगितले होते ना!

त्याच आठवड्यात नळी फुटली. "चोच बघा, चोच!" असे ओरडत ताई सर्वांच्या पुढे धावली. माझी गंजलेली चोच जिकडे होती, नेमका तिकडेच वारा वायू लोटत होता. मला ओरडता येत नव्हते. मागचे खोकत, ओकत परत फिरले. ताईचे दोन्ही डोळे गेले.

दवाखान्यात मुकादम तिच्या उशाशी ढसाढसा रडला म्हणे. "खरं तेच सांगेन, ताई." चौकशी अंगणात, माझ्यासमोरच झाली. मॅनेजरांच्या तोंडाकडे बघत तो म्हणाला, "कोंबड्याची तक्रार कुणी केलीच नव्हती."

"मेला वातकुक्कुट!" मुकादमाकडे बघत गर्दीतून कुणीतरी थुंकले.

ताई मुलीचा हात धरून उभी होती. तो जवळ येऊन पुटपुटला, "ताई, घरी सोडतो तुला."

"नको रे," ती म्हणाली. "तुझा आवाज कुठून येतो तेच मला कळत नाही."

आता मी गोदामामागे भंगारात उलटा पडलो आहे. मुकादमाला बढती मिळाली.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी उन्हापावसात उंचावर उभे असेल, तर त्याला थेंबभर तेल घालत जा. आणि त्या मुकादमासारख्या माणसाला माझ्या नावाने हाक मारू नका. मी फिरायचो तो वारा कुठून येतो हे सांगायला. त्याच्यासाठी दुसरे नाव शोधा.