निजामभाईंच्या नावाची बातमी

लातूरला कबड्डीच्या मैदानाबाहेर निजामोद्दीननं आपलाच पेपर उघडला आणि तो एका मथळ्यावरच थबकला. 'अंतिम सामन्यासाठी धम्मदीप ठणठणीत', आणि वर बातमीदार म्हणून नाव निजामोद्दीनचं! त्यानं तर काल नांदेडहून लिहून दिलं होतं, की पोराचा गुडघा सुजलाय, डॉक्टरांनी खेळायचं नाही म्हणून बजावलंय.

संपादक अमृतरावांना त्यानं तिथूनच फोन लावला.

"अरे बाबा, संघाच्या मीडियावाल्यांनी फोटोसकट तयार बातमी धाडली. तीच लावली. वर तुझं नाव असलं की लोक विश्वास ठेवतात."

तो तसाच गेटकडं धावला. तिथं संघाच्या चॅनेलची समीक्षा कॅमेरा घेऊन उभी.

"काका, खेळाडू आता बाहेरच्यांशी बोलत नसतात. क्लिप पाठवते की, घरबसल्या लिहा!"

"बाहेरचा? अगं, ह्या पोराची पहिली बातमी म्या छापली!"

गेट काही उघडलं नाही. आता धम्मदीपनं ऐकलं असतं तर फक्त आईचंच. हदगावला त्याच्या आईला, पंचफुलाबाईंना, फोन लागला.

"जयभीम, निजामभाई! तुमची बातमी गल्लीभर दावली. पोराला लागलंय असं ऐकून लई घोर लागला होता, आता जीव भांड्यात पडला."

"ताई, ती म्या लिहिली न्हाई. पोराचा गुडघा दुखावलाय. खेळू नको म्हणावं त्याला."

"नाव तर तुमचंच हाय."

"हाय. पण बातमी संघवाल्यांची."

"संघाच्या व्हिडिओत तर हासून राहिला." तिचा आवाज बारीक झाला. "कोणतं खरं धरू, भाई?"

"आत्ता बोलून राहिलो ते. अल्लाकसम, ताई."

"त्याचा फोन बंद हाय." सामन्याआधी संघवाले पोरांचे फोन काढून घेत. "तुम्हीच माझा आवाज ऐकवा त्याला. फोन ठेवू नका."

तिकीट काढून, गर्दी रेटत तो मॅटपाशी पोहोचला. "धम्मदीप! आई हाय फोनवर!" ढोलताशात ते बुडून गेलं. रखवालदारांनी त्याचे दंड धरले. तिकडं धम्मदीप चढाईला गेला, गर्रकन वळला आणि गुडघ्यावरच कोसळला. त्याची किंकाळी ऐकून सगळं मैदान ओरडलं. समीक्षानं कॅमेरा चटकन प्रेक्षकांकडं फिरवला.

हातातला फोन बोलत होता. "लोक काहून ओरडून राहिले? पॉइंट आणला का माझ्या लेकरानं? बोला ना, निजामभाई. तुम्ही सांगाल ते खरं."

निजामोद्दीननं फोन कानाला लावला.

"ताई," तो म्हणाला, "आधी खाली बसा."