टेपमधली घाई

रेडिओ आणि टेप दुरुस्त करणाऱ्याला गल्लीत सगळे टेपमास्तर म्हणत. हल्ली लोक त्याच्याकडे जुन्या कॅसेट आणत आणि तो त्या मोबाइलवर उतरवून देई. "कॅसेटमध्ये आहे ते जसंच्या तसं. तसूभर फरक नाही," असं तो छातीठोक सांगे.

एका सकाळी शेवटच्या घरातल्या काकू दुकानाची पायरी चढून आल्या. काकांना जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या बासरीची एकुलती एक कॅसेट टेपमास्तरने गेल्याच आठवड्यात उतरवून दिली होती.

"अरे, हे ह्यांचं वाजवणं नाही."

"काकू, कॅसेट तुमचीच."

"कॅसेट माझीच. रेकॉर्डिंगचं बटणही मीच दाबलं होतं. पण हे कधी असे घाईने वाजवायचे? जेवायला बसले तर तासभर ताटावरून उठत नसत! आणि शेवटी ती कोण बाई चिवचिवतेय?"

"यंत्र खोटं बोलत नाही, काकू."

"मग मी बोलते होय?"

टेपमास्तर हसला. काकू हसल्या नाहीत. स्टुलावर टेकून म्हणाल्या, "ह्यांचं वाजवणं कानात होतं रे माझ्या. आठ दिवस हे ऐकलं, आणि आता आठवायला गेलं की हीच घाई पुढे येते. मीच विसरले की काय?"

आता यंत्राची बाजू घ्यायला त्याची जीभ रेटेना. "काकांची बासरी आहे अजून?"

काकू घरी जाऊन घेऊन आल्या, जुन्या रुमालात गुंडाळलेली. "मला नाही हं वाजवता येत."

"एकच सूर काढा. काका सुरुवात करायचे तो."

सुराचं नाव काकूंना माहीत नव्हतं, पण बोटं माहीत होती. जन्मभर समोर बसून पाहिलेली. तशीच तीन बोटं त्यांनी भोकांवर ठेवली आणि फुंकलं. नुसती हवा. पुन्हा हवा. "फुंकणी करून टाकली मी हिची," त्या पुटपुटल्या. पाचव्या फुंकरीला सूर निघाला, कापरा, पण स्वच्छ.

टेपमास्तरने काकूंनी सोबत आणलेली कॅसेट लावली. तिच्यातला पहिला सूर चांगलाच वर होता.

"बासरी काही बदलली नाही, काकू. म्हणजे चूक इकडे आहे."

त्याने मोटरचा बारीक स्क्रू पिळला. "फुंका." अजून थोडा पिळला. "फुंका." हळूहळू दोन्ही सूर एकमेकांत मिसळले.

मग बासरी सावकाश वाजू लागली, पोटभर जेवलेल्या माणसासारखी. काकू हलल्या नाहीत. शेवटी त्या चिवचिवणाऱ्या बाईचा आवाज पुरुषाचा झाला: "बंद कर गं आता. सेल उतरलेत, टेप रेंगाळतोय."

टेपमास्तरने कपाळावर हात मारला. "घ्या! भरताना टेप रेंगाळला, म्हणून माझ्याकडे वाजवताना धावत सुटला. काकांनी तेव्हाच सांगितलं होतं."

"आणि मी ऐकलं नाही," काकू म्हणाल्या. "नेहमीप्रमाणे."

"आता आहे का जसंच्या तसं?" त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने आजवर कुणाला केला नव्हता.

"छे. घरात वाजायची तेव्हा फळीवरचे पेले झणझणायचे. ते ह्यात कुठंय?" काकूंनी डोळे पुसले. "पण हे ह्यांचंच. मी विसरले नव्हते ना रे?"

"नाही काकू. मोबाइल द्या इकडे."

हे सावकाश वाजवणं त्याने मोबाइलवर उतरवलं, आणि ते घाईचं वाजवणं त्यांच्यासमोर पुसून टाकलं.